अक्षर अशुद्ध की हसणारा अशुद्ध?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आणि हा अंक दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या मायबहिणींनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी एक गोष्ट घडली. दिसायला लहान, परंतु तिने एका घरचे एक एकर सोयाबीन खाल्ले आणि ह्या मास्तराची झोपही खाल्ली. म्हणून ती प्रथम सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो.

आजकाल गावोगावी फोनवर लिहून बोलण्याचे गट झालेले आहेत. पूर्वी जे बोलणे पारावर, चावडीपुढे किंवा लोहाराच्या भात्यापाशी होई, ते आता व्हॉट्सअपवर होते. पाण्याची पाळी कोणाची, वीज रात्रीची की दिवसाची, बाजारात भाव काय, कोणाची म्हैस सुटली, सर्व काही तेथेच. आमच्या गावच्या शेतकऱ्यांचा असाच एक गट आहे. त्यात शंभरावर माणसे आहेत. त्यांपैकी लिहिणारी दहा-बारा. बाकीची नुसती वाचतात. ही बाकीची का लिहीत नाहीत, हा प्रश्न आम्हाला तोवर कधी पडला नव्हता.

एके सायंकाळी ह्या न लिहिणाऱ्यांपैकी एका गृहस्थाने प्रथमच लिहिले. चौथीपर्यंत शिकलेला, पन्नाशीचा, स्वतः औत धरणारा माणूस. त्यांनी लिहिले ते असे: ‘सोयाबिन मदी तन लई झालय. कोनत तननाशक मारु. पेरुन १८ दिस झाले.’

बंधूंनो, हा प्रश्न नीट पाहा. पीक कोणते ते सांगितले. अडचण काय ती सांगितली. हवे काय ते सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेरणीला किती दिवस झाले तेही सांगितले. सोयाबीन उगवल्यावर मारावयाचे तणनाशक साधारण पंधरा ते वीस दिवसांच्या आत, तण दोन-चार पानांचे असतानाच मारावे लागते. पुढे तण निबर झाले की औषध वाया जाते. म्हणजे विचारणारा वेळेवर विचारीत होता. शेतकीचा पदवीधर असता तरी ह्याहून चांगला प्रश्न त्याने विचारला नसता.

उत्तर काय आले? गावातलाच एक शिकलेला तरुण लिहिता झाला: ‘तन म्हणजे शरीर. आपणांस शरीराचा नाश करावयाचा आहे काय? आधी शुद्ध लिहावयास शिका.’ झाले! त्याखाली हसणाऱ्या तोंडांची चित्रे पडू लागली. एक, दोन, दहा, वीस. कबूल करावयास लाज वाटते, पण त्यांतले एक चित्र आमचे होते. जन्मभर मुलांच्या वह्यांत न आणि ण सुधारणाऱ्या माणसाला तो विनोद गोड लागला. चित्र टाकले, फोन ठेवला आणि भाकरी खावयास बसलो.

प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही.

त्या गृहस्थाने पुन्हा गटात लिहिले नाही. तीन दिवस वाट पाहिली, आणि शेजाऱ्याच्या उसातून उरलेली बाटली मागून आणली. ती टू-फोर-डीची होती. ऊस, ज्वारी, गहू ही गवताच्या जातीची पिके. त्यांत हे औषध रुंद पानाचे तण मारते आणि पीक राहते. परंतु सोयाबीन स्वतःच रुंद पानाचे! औषधाला तण कोणते आणि पीक कोणते हे कळत नाही. त्याला फक्त पान कळते. आठवड्यात पाने आकसून वाटीसारखी झाली, शेंडे पिळवटले आणि एक एकर रान हातचे गेले.

आम्ही बांधावर गेलो तेव्हा ते उभ्या पिकात बसून शेंडे चाचपून पाहत होते. आम्ही म्हणालो, ‘आबा, कुणाला विचारायचं तरी होतं.’

ते म्हणाले, ‘इचारलं व्हतं की गुरुजी. समद्यांनी दात दावले. मग म्हनलं, आपलं लिवनं काय त्या मान्सांत बसत न्हाई.’

त्यांनी आमचे नाव घेतले नाही. घेतले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतो आहे. फोनवर चार माणसे लिहून बोलतात तेथे शुद्धलेखन व व्याकरण ह्यांची किंमत किती धरावी? आमचा धंदाच हा, म्हणून ह्याचे उत्तर टाळून चालणार नाही.

आधी हे पाहू की ‘शुद्ध’ ‘शुद्ध’ म्हणून जे सांगतात ते आले कोठून. पुष्कळांची अशी समजूत आहे की ते फार प्राचीन काळापासून ठरलेले, जणू ब्रह्मदेवाने लिहून दिलेले आहे. तसे मुळीच नाही. आपल्या मुलखाचा सरकारी व घरगुती पत्रव्यवहार शेकडो वर्षे मोडीत चालला. गावचा कुळकर्णी मोडीत लिही, सावकाराची वही मोडीत, छत्रपतींच्या व पेशव्यांच्या दफ्तरांतील कागद मोडीत. आणि ह्या मोडीत लहान वेलांटी व मोठी वेलांटी, पहिला उकार व दुसरा उकार, हा भेद सामान्यतः पाळीतच नसत. राज्ये चालली, लढाया झाल्या, वसूल झाला, कर्जे दिली घेतली. ऱ्हस्व-दीर्घावाचून कोणाचे अडले नाही. आज ज्यांचे पणजोबा मोडीत अशी अक्षरे लिहीत होते, त्यांनी आमच्या अक्षराला हसावे हे नवलच नव्हे काय?

छापखाने आले, सरकारी शाळा आल्या, तेव्हा एक ठरावीक वळण हवे झाले. १८३१ साली मोल्सवर्थ साहेबांचा कोश निघाला. त्याच्या कामी शास्त्रीमंडळी होती. १८३६ साली दादोबा पांडुरंग ह्यांचे मराठी भाषेचे व्याकरण छापले गेले. ही कामे मोठी आहेत आणि त्यांचे उपकार आम्ही मानतो. परंतु वळण बसविणाऱ्यांच्या कानाला जी मराठी ओळखीची होती ती शुद्ध ठरली. आणि नांगरटीच्या, मागाच्या, चाकाच्या व ऐरणीच्या मागे बसलेल्यांची ती गावंढळ ठरली. आमच्या आयांना कोणी विचारावयास आले नव्हते.

बरे, ते वळण तरी कायम राहिले काय? नाही. आमच्या आजोबांच्या पाटीवर ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे डोक्यावर टिंब देऊन लिहावे लागे. टिंब चुकले तर छडी. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार मिळवले, आणि उच्चार न होणारी ती टिंबे गेली. ज्या टिंबासाठी आजोबांनी मार खाल्ला, तेच टिंब नातवाने दिले तर आज गुण कापतात! ह्यावरून काय सिद्ध होते? शुद्धलेखन म्हणजे दहा माणसांनी मिळून ठरविलेला रिवाज होय. बाजारातील वजन-मापासारखा. तो सोयीचा आहे, पाळावा. परंतु त्यात पुण्य नाही आणि तो चुकण्यात पाप नाही.

ह्या नियमांत आमच्या मुलांना अडखळविणारी जागाही सांगून ठेवतो. ‘फूल’ ह्यातला ऊ मोठा लिहावा आणि ‘गुण’ ह्यातला उ लहान. का? तर ‘गुण’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि ‘फूल’ हा मराठी झाला. कानाला दोन्ही सारखेच लागतात. म्हणजे शब्द नीट लिहावयाचा तर त्याचे कूळ ठाऊक पाहिजे! ज्या घरात पिढ्यान् पिढ्या संस्कृत शब्द कानावर पडत आले, त्या घरच्या मुलाला हे आयते मिळते. ज्या घरात आई पहाटे दळण दळून रोजंदारीला गेली, त्या घरच्या मुलाला ते पाठ करावे लागते. दोघांची शर्यत एकाच रेघेवरून लावावयाची आणि मागे राहिला त्याला मठ्ठ म्हणावयाचे, ह्याला न्याय कसे म्हणावे?

न आणि ण ह्यांचेही तसेच. खानदेशात व वऱ्हाडात पिढ्यान् पिढ्या लोक ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत आले; वऱ्हाडात तर ‘डोळा’ही ‘डोया’ होतो. आमच्या भागीही पुष्कळ घरांत ‘कोणता’चा ‘कोनता’ होतो. ह्या चुका नव्हेत, ह्या बोली आहेत. आणि माणूस फोनवर लिहितो तेव्हा तो जीभ चालते तशी बोटे चालवितो. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या, तेव्हा पंडितांनीही माना डोलावल्या. त्या बाईंनी ह्याच बोलीत फोनवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आमच्या गटातल्या विद्वानांनी काय केले असते, ते सांगावयास नको.

आता एका जुन्या गोष्टीची आठवण देतो. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली. तीत शास्त्रीबोवांनी जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली. जोतीराव विचारीत होते की, कष्ट करणाऱ्याला विद्येपासून दूर कोणी ठेवले? उत्तर आले की, तुमचे व्याकरण चुकले. ह्या दोहोंचा परस्परांशी काय संबंध? घर जळत आहे म्हणून कोणी ओरडत आला आणि आपण म्हणालो की ‘जळत’ हा शब्द तू नीट उच्चारला नाहीस, तर आग विझते काय? पण ही युक्ती फार जुनी आणि फार उपयोगाची आहे. प्रश्न अडचणीचा असला की प्रश्नाचे अक्षर तपासावे. म्हणजे उत्तर द्यावयाचे राहून जाते आणि विचारणारा खाली मान घालतो.

जोतीरावांनी मान खाली घातली नाही. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. शेतकऱ्याचे कर्ज, सारा, कोर्टकचेऱ्या, धुपून जाणारी जमीन आणि अडवावयाचे पाणी ह्यांचा पाढा त्यांनी त्यात वाचला. व्याकरणाच्या भीतीने ते गप्प बसते तर नुकसान व्याकरणाचे झाले नसते. आपले झाले असते. १८५५ साली मांगाच्या मुक्ता नावाच्या शाळकरी मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात आला. आपल्या लोकांची दुःखे तिने त्यात मांडली. कोणी तिच्या हातातील कागद घेऊन प्रथम वेलांट्या मोजीत बसला असता, तर तो निबंध आज आपल्याला वाचावयास मिळाला असता काय? ‘दीनबंधू’ १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढला, ‘दीनमित्र’ १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्याच्या खेड्यातून चालविला. ही पत्रे निघाली ती ज्यांना कोणी बोलू देत नव्हते त्यांनी बोलावे म्हणून.

परंतु बंधूंनो, सगळा दोष शास्त्र्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. आमच्या गटात ज्याने ‘शरीराचा नाश’ म्हणून विनोद केला तो कोणी शास्त्री नव्हता. तो आपल्यातलाच, कुणब्याच्या घरचा. त्याच्या आजोबाचा अंगठा सावकाराच्या खतावर उठलेला गावाने पाहिला आहे. आणि हसलेले वीस जण? तेही आपलेच. आणि हा मास्तर? तोही आपलाच! जी काठी आपल्या पाठीवर बसली तीच आपण हाती येताच आपल्याहून दुबळ्याच्या पाठीत घातली. चार बुके शिकलो की आपण प्रथम काय करतो, तर आपल्या आईची बोली विसरतो आणि जो विसरला नाही त्याला हसतो. ह्याला विद्या म्हणत नाहीत. ही भटशाहीच होय. फक्त जानवे काढून ठेवलेली.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, तुम्ही स्वतः शिक्षक असून कसेही लिहा म्हणता काय?’ नाही, मी तसे मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे असे की बोलणे वेगळे आणि कागद वेगळा.

फोनवर जे लिहितो ते अक्षरांत दिसले तरी बोलणेच आहे. समोरचा माणूस हजर आहे. कळले नाही तर तो लगेच विचारू शकतो. विणकराने ‘सुत किती आणले’ असे पहिल्या उकाराने लिहिले तर ‘सुत’ म्हणजे मुलगा असा अर्थ कोणी करीत नाही, सूतच समजतो. ‘तन’ लिहिले तर सोयाबीनच्या गोष्टीत शरीर कोणाच्या मनात येत नाही. ज्याच्या मनात आले त्याला अर्थ कळला नव्हता असे नाही. अर्थ कळला होता म्हणूनच त्याला हसता आले! कळले नसते तर त्याने ‘काय म्हणता आबा?’ असे विचारले असते. शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा, पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालावयाची असेल तर ती उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मुभा ठेविली आहे. कथा-कादंबरीतल्या खोट्या शेतकऱ्याला जी सवलत, ती खऱ्या शेतकऱ्याला का नाही?

कागदाची गोष्ट मात्र निराळी. कागद समोर बसून विचारीत नाही. तो कपाटात जातो, आणि वीस वर्षांनी आपल्याविरुद्ध किंवा आपल्या बाजूने साक्ष देतो. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांनी देते. आधारवर नाव एक आणि अर्जावर दुसरे, एवढ्या कारणावरून हप्ता अडलेली माणसे आमच्याच गावात आहेत. सातबाऱ्यावर लेखनाची चूक झाली तर जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करून ती दुरुस्त करता येते खरी. पण त्यासाठी किती खेपा, किती दिवसांची मजुरी बुडते ते ज्याने घातल्या त्याला विचारावे. शाळेच्या रजिस्टरात आम्ही मास्तर लोक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख लिहितो. मूल शाळा सोडून गेले की ती नोंद बदलणे महाकठीण. जातीच्या दाखल्यासाठी माणसे आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधीत शाळेशाळेतून हिंडतात, तेव्हा कोणा जुन्या मास्तराने घाईने ओढलेले एक अक्षर त्या घरचे नशीब ठरविते. तेथे अक्षराला सोन्याचे मोल आहे. तेथे ‘चालतंय की’ म्हणणारा आपला मित्र नव्हे.

मुलांच्या बाबतीतही सांगतो. पोलीस भरतीच्या परीक्षेत मराठी व्याकरण विचारतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत विचारतात. ‘बहुजनांची बोली गोड, त्यांना कशाला हवे ऱ्हस्व-दीर्घ’ असे गोड बोलणारे काही शहाणे हल्ली भेटतात; त्यांची स्वतःची मुले मात्र नियम घोकीत असतात. अशांपासूनही सावध राहा. एक हसून दार बंद करतो, दुसरा गोंजारून. आपल्या मुलाला आईची बोलीही आली पाहिजे आणि परीक्षेची भाषाही आली पाहिजे. दोन बैल असले म्हणजे एकाला हाकलून देण्याचे कारण नाही. शुद्धलेखन हे विळ्यासारखे, रंध्यासारखे हत्यार आहे. हत्यार शिकावे, धार लावून ठेवावे, कामाच्या वेळी काढावे. ते गळ्यात घालून मिरवू नये आणि शेजाऱ्यावर उगारू नये.

आणखी एक सांगतो. शुद्ध लिहिले म्हणजे खरे लिहिले, असे नव्हे. फोनवर वेलांटी-उकार बिनचूक असलेले कितीतरी निरोप येतात: अमुक औषधाने साखर कायमची जाते, तमुक दुव्यावर बोट दाबा आणि अनुदान मिळवा. आकडा लिहिणाऱ्याच्या मनचा, माहिती खोटी, आणि भाषा कशी? तुपासारखी! अशांना कोणी हसत नाही. लोक ते पुढे पाठवितात. लबाडीला बहुधा शुद्धलेखन उत्तम येते. मग आपण तपासावयाचे काय? ‘पंपाला ३० टाक’ असा निरोप आला तर ‘टाक’ नीट लिहिले आहे की नाही हे पाहून काय उपयोग? तीस काय, ग्रॅम की मिली? पंप किती लिटरचा? हे विचारावे. शुद्धतेचा जेवढा आग्रह धरावयाचा तेवढा आकड्यात, मापात, तारखेत आणि नावात धरा. ह्यांत चूक झाली तर पीक जळते, माणूस मरतो. वेलांटीने आजवर कोणाचे पीक जळाले नाही. आमच्या गावचे जळाले तेही वेलांटीने नव्हे. आमच्या हसण्याने जळाले.

म्हणून ज्या ज्या घरी हा अंक जाईल त्यांना चार गोष्टी सुचवितो.

१. गटात कोणी प्रश्न केला तर प्रथम उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला हाक मारावी. अक्षराबद्दल बोलावयाचेच असेल तर उत्तर दिल्यानंतर, आणि तेही त्या माणसाला एकट्याला, मागितले तरच.

२. अर्थ कळला नाही तर ‘काय म्हणता, पुन्हा सांगा’ असे विचारावे. न कळता हसू नये, आणि कळून तर मुळीच हसू नये.

३. ज्यांना लिहिण्याची भीड वाटते त्यांनी बोलून निरोप पाठवावा. फोन आवाजही पोहोचवितो. पण जमेल तसे लिहितही जावे. चुकत चुकतच हात बसतो. पोहणे विहिरीच्या काठावर बसून कोणाला आले आहे?

४. सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक, शाळेचा दाखला, करारनामा, ह्यांवरील नाव, आकडा व तारीख मात्र अक्षर अक्षर लावून वाचावी. स्वतः वाचता येत नसेल तर शाळेत या. मधल्या सुटीत यावे किंवा शाळा सुटल्यावर. आम्हा मास्तरांना त्यासाठीच ठेवलेले आहे. सही वा अंगठा वाचल्यावाचून देऊ नये.

शिक्षक बांधवांना एक विनंती. मुलाची वही हाती आली की प्रथम त्याने काय म्हटले आहे ते वाचा, त्यावर दोन शब्द बोला, आणि मग लाल शाई काढा. आम्ही बावीस वर्षे उलटे केले. वहीत आधी लाल रेघा ओढल्या. मूल काय सांगत होते ते पुष्कळदा वाचलेच नाही. पुढे ती मुले मोठी झाली आणि गटात नुसती वाचणारी झाली. शंभरात लिहिणारी दहा-बारा का, ह्याचे उत्तर आम्हाला आता मिळाले आहे. त्यातले अर्धेअधिक आमच्याच वर्गातून बसून गेलेले आहेत.

त्या गृहस्थाची आम्ही भर गटात माफी मागितली आणि उगवणीनंतर सोयाबीनमध्ये चालणारे औषध कसे निवडावे तेही लिहिले: बाटलीसोबतच्या पत्रकात आपल्या पिकाचे नाव असेल तरच ते घ्यावे. हंगाम निघून गेल्यावर दिलेले उत्तर ते. त्याची किंमत किती ते आम्ही जाणतो. विनोद करणाऱ्या तरुणानेही आबांच्या घरी जाऊन पाय धरले. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र पाजला. परंतु त्यांनी गटात अद्यापि एक अक्षर लिहिलेले नाही. रब्बीत त्यांच्या हरभऱ्याला मर लागली. ते आम्हाला कळले ते त्यांच्या सहावीतल्या नातीने वर्गात सांगितले म्हणून.

एक एकर सोयाबीन पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. माणसाची वाचा एकदा बसली की ती कोणत्या मृगात पेरावयाची?

आपला,
एक खेड्यातील मास्तर